मन्मथप्पांच्या गाडीची थरथर

मन्मथप्पांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं म्हणजे आधी मांडीवर स्टीलची ताटली घ्यावी लागते. ताटलीत मोजून पन्नास हरभरे असतात. गाडी शंभराच्या आसपास गेली की आप्पा करकचून ब्रेक मारतात आणि गाडी थांबली की माझ्याकडे न बघताच विचारतात, "किती गेले सर?"

मग मी वाकून सीटखालचे हरभरे गोळा करतो आणि आकडा सांगतो. एकवीस. सव्वीस. एकदा चौतीस सांगितले तेव्हा आप्पा स्टेअरिंगवर कपाळ टेकवून बराच वेळ तसेच बसले होते. ब्रेक मारल्यावर गाडी किती थरथरते ते मोजायचं हे यंत्र त्यांनी स्वतःच शोधून काढलंय. मोंढ्यात त्यांचं आडत दुकान आहे, त्यामुळं हरभऱ्यांना तोटा नाही. तोटा आहे तो मांडी देणाऱ्या माणसाचा. शेजारी घर बांधल्यामुळं तो मान माझ्याकडे आला.

मी जिंतूरला एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. आमच्या घरी एक स्कूटर आहे, तिच्यातली हवासुद्धा बायकोच भरून आणते. पण आप्पांचं म्हणणं एकच, "तुमी सायन्सचे सर हाव. तुमाला न्हाई कळणार तर कुणाला?" मी एकदा त्यांना समजावून बघितलं की आप्पा, ब्रेक मारला की हरभरे पुढं जाणारच, त्याला जडत्व म्हणतात, त्याचा थरथरीशी संबंध नाही. आप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जडत्वानं गेले असते तर सगळे मिळून गेले असते सर. हे एकेक करून उड्या मारायलेत." याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही.

आप्पांचं वय अठ्ठावन्न. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा हाफ शर्ट. सकाळी भेटले की ते "शरणार्थ सर" म्हणतात, मी "जयभीम आप्पा" म्हणतो, आणि मग दोघंही मुकाट्यानं गाडीत बसतो. माणूस इतका सावकाश की चहा पुढ्यात आला तर साय धरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो. "निवांत" हा त्यांचा आवडता शब्द. सौदा निवांत, जेवण निवांत. शंभरच्या वेगात ब्रेकवर पाय ठेवतानाही ते मला सांगतात, "निवांत बसा सर." तेव्हा मला त्यांचा राग येतो, हे इथं लिहून टाकतो, कारण तोंडावर कधी बोलता आलं नाही.

असल्या माणसाला हे वेड कुठून लागलं असेल? पुण्याच्या पलीकडे कुठंतरी एक खासगी ट्रॅक आहे. तिथं काही ठरावीक रविवारी फी भरून कुणीही आपली गाडी आणावी, हेल्मेट घालावं आणि वीस मिनिटं पळवावी. मग तासभर थांबावं, पुन्हा वीस मिनिटं पळवावी. ती शर्यत नसते, तिथं बक्षीसही नसतं. आप्पांनी हे मोबाइलवर बघितलं आणि जुनी पांढरी लहान गाडी घेतली. वजन कमी व्हावं म्हणून तिची मागची सीट उपटून काढली. ती सीट आता दुकानात आहे, माल घेऊन आलेले शेतकरी तिच्यावर टेकतात. बाजूलाच खुंटीला हेल्मेट असतं. एकदा मी ते उलटं करून बघितलं, तर आतल्या कापडावर विभूतीचे तीन पट्टे जसेच्या तसे उमटलेले.

"एवढ्या लांब जाऊन मिळतं काय आप्पा?" मी एकदा विचारलं.

"तिथं समोरून कोनीच येत न्हाई सर," आप्पा म्हणाले. "सगळे एकाच अंगाला जायलेत. ट्रॅक्टर न्हाई, म्हैस न्हाई, उलटा आलेला मोटारसायकलवाला न्हाई. असा रस्ता मी उभ्या जन्मात बगितला न्हवता."

दिवाळीत ट्रॅक उघडला तसे आप्पा रोज पहाटे सरावाला गाडी काढायला लागले, आणि ही थरथर त्यानंतर सुरू झाली. एरवी गाडी गुणी, पण वेगात ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात कापायला लागतं, ब्रेकचं पायडल पायाखाली फडफडतं आणि दातावर दात आपटतात. फेब्रुवारीत ट्रॅकवरच्या माणसानं झेंडा दाखवून आप्पांना मधूनच बाहेर काढलं. चाक बाहेरूनसुद्धा हलताना दिसतंय, पुढच्या वेळी असंच असलं तर आत सोडणार नाही, असं त्यानं बजावलं. मार्चमधला रविवार हा यंदाचा शेवटचा. त्यानंतर ट्रॅक पावसाळा संपेपर्यंत बंद. म्हणजे आप्पांना गाडी बरी करायला महिना उरला होता, आणि तो महिना आमच्या दोघांच्याही अंगावर आला.

रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये गाडीचं काय काय बदललं ते मला पाठ झालंय. चाकाच्या आत एक गोल लोखंडी चकती असते, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ते पॅड. पॅड बदलले. डिस्क लेथवर घासून आणली. मग डिस्कच बदलली. बेअरिंग बदलले, चाकं तोलून आणली. नवी डिस्क टाकली की चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची, पाच-सहाच हरभरे जायचे, आणि पाचव्या दिवशी पुन्हा दातावर दात. रफीकभाई डिस्कला काटा लावून बघायचे आणि मान हलवायचे, "फिर टेढी हो गई." शेवटी वैतागून म्हणाले, "आप्पा, अब गाडी में बदलने को सिर्फ तुमीच बाकी हैं."

आप्पा हसले नाहीत. त्या दिवसांत त्यांचं हसणं थांबलंच होतं. मोंढ्यात लिलाव चालू असताना हा माणूस दोन्ही हात समोर धरून कुठंतरी बघत बसायचा, आणि हात आपोआप हलायचे.

आमचा क्रम ठरलेला. पहाटे सहाला निघायचं. देवगाव फाट्याच्या रस्त्यावर एक सरळ पट्टा आहे, तिथं दहा-बारा वेळा गाडी पळवायची आणि ब्रेक मारायचा. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला असे कडक ब्रेक मारावेच लागतात म्हणे. मग परत फिरायचं. गावात शिरल्यावर आमच्या गल्लीपर्यंत सतरा गतिरोधक आहेत आणि शेवटी उतार, त्यामुळं ब्रेकवरचा पाय काही निघत नाही. मी पेपर घ्यायला गल्लीच्या तोंडाशीच उतरायचो, आप्पा पुढं घरी जायचे. मी घरी पोचलो की बायको माझ्या खिशातून हरभरे काढून डब्यात टाकायची. "तुमच्या पगारापेक्षा हे नियमित येतात," असं ती एकदा म्हणाली. माझी कंबर तेव्हा इतकी धरली होती की मी वादही घातला नाही.

शेवटच्या रविवारच्या एक आठवडा आधी बायको माहेरी गेली होती. आप्पा म्हणाले, घरीच चला चहाला. म्हणून त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी न उतरता पहिल्यांदा थेट त्यांच्या दारापर्यंत गाडीत गेलो.

दारात आक्का उभ्या होत्या. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच राहतात. आप्पांची बायको बारा वर्षांपूर्वी वारली, मुलगी लग्न होऊन लातूरला गेली. घरात आता हे दोघंच. आक्कांच्या एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. बाहेरून आलेल्या माणसावरून त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आधी आप्पांच्या, मग माझ्या. हे आपल्याकडे लांबून आलेल्या माणसाला सगळेच करतात, आक्का रोज करतात एवढाच फरक. आप्पा पाय निथळून आत पूजेला गेले. मी चप्पल काढत होतो, तेवढ्यात मागं 'छस्स' असा आवाज झाला.

आक्का गाडीच्या पुढच्या चाकावर पाणी ओतत होत्या. चाकाच्या फटींतून वाफ निघत होती. एक चाक झालं की त्या रांजणातून तांब्या भरायच्या आणि दुसऱ्याकडे वळायच्या, पोटच्या लेकराला अंघोळ घालावी तशा शांतपणे.

"आक्का, हे काय?"

"चाकं म्हंजी त्याचे पायच की सर," आक्का म्हणाल्या. "इतकं पळून आलाय, कसा फुसफुसायलाय बगा. भागला बिचारा."

"रोज घालता?"

"दिवाळीपासून घालायले. त्याआधी कुठं रोज जात होता हा?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तवा वाकतो हे आक्कांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण चाकाच्या आत तवा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि आप्पांनी जन्मभर इतक्या वेळा पायांवर पाणी घेतलं होतं की ते पाणी पुढं कुठं जातं, हे वळून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मी चहा घेतला. तो कसा होता आठवत नाही.

दुपारी मी दुकानात गेलो. रफीकभाईही तिथं बसले होते, त्याच मागच्या सीटवर. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आप्पा आनंदानं उठतील. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. महिनाभराचा ताप संपला होता, आणि तोही माझ्यामुळं.

"बस, इतनाच था?" रफीकभाई म्हणाले. "आक्का को बोल दो, पानी मत डालो. किस्सा खतम."

आप्पा हातातला टोकदार लोखंडी बंबू पोत्यात खुपसून बसले होते. त्यानं पोत्यातला नमुना काढतात. त्यांनी तो बाहेर काढला, त्यातले दाणे हातावर घेतले, पुन्हा पोत्यात टाकले.

"तिला न्हाई सांगता येणार," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला दहा वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. आक्कांचे मालक एका संध्याकाळी सेलूहून आले तेव्हा आक्का शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. ते तसेच आत आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर निघाले आणि समोरून आलेल्या ट्रकनं घात केला. बातमी घेऊन जो माणूस आला तो पायी आला. एवढंच. पण आक्कांच्या मनानं घेतलं की आदल्या दिवशी पायावर पाणी पडलं नाही, वाटेवरचं जे काही मागं लागून आलं होतं ते दारातून परत गेलं नाही. कुणी कितीही समजावलं तरी ते त्यांच्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून या घरात बाहेरून आलेला माणूस पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

"आता तिला म्हनू का, तुझ्या पाण्यानंच माझे ब्रेक खराब व्हायलेत म्हनून?" आप्पा म्हणाले. "ब्रेक सर. दुसरं काय असतं तर गोष्ट येगळी होती."

रफीकभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी सुचवत राहिलो, तो माझा धंदाच आहे. गाडी दुसरीकडे लावून पायी घरी जा म्हटलं. "पायी आलेला माणूस बगून तिचा जीवच जाईल सर." सावकाश चालवत आणून थंड करा म्हटलं. "आन् सतरा गतिरोधक?" शेवटी एकच उपाय उरला. घराच्या अलीकडे कुठंतरी थांबायचं, चाकं गार होऊ द्यायची आणि मग दारात जायचं. रफीकभाईंनी हिशोब सांगितला, चाळीस मिनिटं. तेवढ्यात डिस्क हाताला सोसेल इतकी गार होईल, मग वर पाणी पडो नाहीतर दूध पडो.

शुक्रवारी रफीकभाईंनी पुन्हा नव्या डिस्क बसवल्या. "आखरी जोडी है आप्पा, इसको संभालो," म्हणाले. शनिवारी सकाळी कडक ब्रेक मारून पॅड बसवायचे, दुपारी पुण्याला निघायचं आणि रविवारी ट्रॅक. शनिवारी सकाळची शाळा असते. मी किरकोळ रजा टाकली. कारण म्हणून 'कौटुंबिक अडचण' लिहिलं आणि ते लिहिताना मला फारसं खोटं वाटलं नाही.

देवगाव फाट्याच्या रस्त्यावर त्या सकाळी ताटलीतून तीन हरभरे गेले. तीन. आप्पांनी मला दोनदा मोजायला लावले. शेवटच्या ब्रेकनंतर त्यांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडून मला दाखवले, स्टेअरिंग जागच्या जागी होतं. कित्येक दिवसांनी ते हसले. परतीच्या वाटेवर ते उद्याच्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या वळणाआधी मोठा उतार आहे, तिथं सगळे आधीच ब्रेक मारतात, आपण जरासीक उशिरा मारायचा. मला यातलं काही कळत नव्हतं. पण ऐकायला बरं वाटत होतं, आणि कंबरही जरा कमी दुखत होती.

आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी आहे. तिच्या भिंतीमागं आम्ही गाडी उभी केली. साठीला आलेला एक आडत्या आणि सत्तेचाळीस वर्षांचा एक मास्तर, दोघं भिंतीआड लपून चाकं गार व्हायची वाट बघतोय, हे कुणी बघितलं असतं तर गावात आठवडाभर पुरलं असतं. आप्पांनी चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. तव्यासारखी धग होती.

टाकीच्या भिंतीची एक वीट निघालीय. मी सहज त्या फटीतून बघितलं आणि आप्पांना हाक मारली. का मारली, असं नंतर मला बरेच दिवस वाटत राहिलं.

फटीतून त्यांच्या घराचं दार सरळ दिसत होतं. आक्का पायरीवर बसल्या होत्या. तांब्या मांडीत, त्यावर पदर झाकलेला. आमच्या उलट्या बाजूला, म्हणजे गाडी रोज ज्या बाजूनं येते तिकडं त्या बघत होत्या. लांबून एखाद्या मोटारीचा आवाज आला की उठून उभ्या राहायच्या, मोटार दुसरीच आहे असं दिसलं की पुन्हा गुडघ्यावर हात टेकून खाली बसायच्या. एकदा दूधवाल्याला काहीतरी विचारलं, त्यानं नकारार्थी मान हलवली. एकदा तांब्यातलं पाणी झाडाला घातलं आणि आत जाऊन ताजं भरून आणलं.

"रोज बसती का काय अशी?" आप्पा हळूच म्हणाले. मला विचारत होते की स्वतःला, ठाऊक नाही.

ज्याची वाट बघतात त्याला ते वाट बघणं कधी दिसत नाही. तो आला की ते संपलेलं असतं. आप्पांनी तीस वर्षं दारात उभी राहिलेली आक्का बघितली होती. बसलेली आक्का ते पहिल्यांदाच बघत होते.

आप्पांचा फोन वाजला. समोर पायरीवर आक्कांच्या कानाला फोन होता.

"कुठं हायस रं?"

"आलोच आक्का. फाट्यावर जरा गर्दी हाय."

"येळ झाला म्हनून इचारलं. तू निवांत ये," आक्का म्हणाल्या. फोन ठेवून त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत चालत आल्या.

मी घड्याळात बघितलं. अकरा मिनिटं झाली होती. "आप्पा, अजून अर्धा तास," मी म्हणालो. "फक्त अर्धा तास. उद्या ट्रॅक आहे." मला खरंच वाटत होतं त्यांनी थांबावं. महिनाभर मी हरभरे वेचले होते.

आप्पांनी अजून एकदा चाकाजवळ हात नेला. धग तशीच होती. त्यांनी हात शर्टाला पुसला.

"चला सर. लय घाबरायलीय ती."

त्यांनी गाडी मागं घेतली, टाकीला वळसा घालून मुद्दाम मोठ्या रस्त्यानं आणली, म्हणजे आक्का ज्या बाजूला बघत होत्या त्याच बाजूनं. आक्कांनी गाडी ओळखली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, लगबगीनं मागं वळल्या आणि आम्ही पोचेपर्यंत रोजच्या जागी उभ्या राहिल्या.

भाकरतुकडा ओवाळून झाला. आप्पांच्या पायांवर पाणी पडलं, माझ्या पायांवर पडलं. आप्पा रोजच्यासारखे आत गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. आक्का पुढच्या चाकाशी वाकल्या. 'छस्स' झालं, वाफ वर आली. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"डाव्या बाजूला कमी पडलं आक्का," मागून आप्पांचा आवाज आला. "अजून एक तांब्या घाल."